बरणीवरचा वरवंटा

माघ संपत आला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहतात. आधी हिरवी द्राक्षं येतात, टणक, आंबट, खाल्ली की एक डोळा आपोआप मिटावा अशी. मग पिवळसर, लांबट. आणि सगळ्यांत शेवटी, उन्हं चावायला लागली की काळी. गाडीवाला ओरडताना द्राक्षांचं नावही घेत नाही. नुसतं "नाशिक, नाशिक, नाशिक" करतो, एस.टी. स्टँडवर कंडक्टर ओरडतो तसं. मागल्या वर्षापर्यंत मला त्याचं हसू यायचं. यंदा तो ओरडायला लागला की मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालते. दोघींनी मिळून जायचं गाव होतं ते. गेलो. आणि येताना गाडीत तिघी होतो, तरी मी एकटीच आले.

शहात्तर वर्षांच्या बाईने रडगाणं गाऊन सुरुवात करू नये, हे मला कळतं. माझी नात रेवा म्हणते, "आजी, लिहायला बसलीस की तू एकदम प्रमुख पाहुणी होतेस. बोलतेस तसं लिही ना." बरं बाई. बोलते तसं लिहिते.

आमची इमारत दादरला चर्चच्या मागे. दोन मजले, लाकडी कठड्याची सामाईक गॅलरी, गॅलरीत ओळीने सहा दारं. माझं दार आणि फिलूचं दार यांच्यामध्ये एक भिंत, तीही अशी की तिच्याकडे बोंबील तळले की माझी पोळी त्याच वासात भाजली जायची. फिलू म्हणजे फिलोमिना. ईस्ट इंडियन ख्रिस्ती, मुंबई मुंबई नव्हती तेव्हापासूनची इथली. तिच्या पणजोबांची इथे भातखाचरं होती म्हणे. ते सांगताना ती आम्हा सगळ्यांकडे अशी बघायची, की आम्ही तिच्या शेतात परवानगी न घेता बसलोय.

दरवर्षी काळी द्राक्षं आली की फिलूच्या घरात वाइन घातली जायची. ती आणि तिची आय खाली बसून परातीत द्राक्षं हाताने कुस्करायच्या. मग साखर, मूठभर गहू, खमीर, आणि सगळं त्या कमरेएवढ्या चिनी मातीच्या बरणीत. वर नुसतं फडकं, आणि त्यावर झाकण अलगद टेकवलेलं. एकवीस दिवस रोज लाकडी डावाने ढवळायचं. पुढे गाळून बाटल्यांत, आणि बाटल्या नाताळपर्यंत पलंगाखाली. नाताळात ताट यायचं आमच्याकडे, करंज्या, केक, आणि एक चिमुकला ग्लास. करंज्या आम्ही खायचो. केकमध्ये अंडं म्हणून तो यांच्या ऑफिसात जायचा. ग्लास मी मोरीत ओतायची आणि धुऊन परत द्यायची. "छान होती हो," असंही म्हणायची.

ती मी, म्हणजे तेव्हाची मी. तिची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिने केलंय आणि निस्तरते आहे मी. वय चौतीस. विमा कचेरीत टायपिस्ट. रुमाल चार घड्यांचा, अंबाडा सहा आकड्यांचा, हसणं ओठ मिटून. 'बरं दिसत नाही' हे तिचं लाडकं वाक्य. गॅलरीत केस विंचरणं बरं दिसत नाही. मोठ्याने शिंकणं बरं दिसत नाही. शेजारच्या घरातून दारूचा वास येणं तर मुळीच बरं दिसत नाही. आज ती बाई जिन्यात भेटली असती तर मी तिचा अंबाडा ओढून पळाले असते.

फिलूने मात्र तिच्याशी मैत्री केली. का केली ते देव जाणे, तिचाही आणि माझाही. "सुमन, तू नाय बोललीस तरी तुझं तोंड बोलतंय गो," म्हणायची. पोरं बरोबरीने वाढली. तिचा नवरा लवकर गेला, माझे उशिरा. आणि प्रत्येक द्राक्षांच्या दिवसांत ती एकदा तरी म्हणायची, "एकदा नाशिकला जाऊ या गो आपण दोघी. ही काळी कुठून येतात ती जागा बघू या." मी म्हणायची, जाऊ. परीक्षा होऊ देत, लग्न होऊ दे, गुडघ्याचं होऊ दे. माझी कारणं फार शिस्तीची असतात, रांगेत उभी राहतात. त्यांच्या मागे आणखी एक कारण उभं असायचं, ते मी कुणालाच दाखवलेलं नव्हतं. फिलूला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे चाळीस वर्षं पडून होती. दोघीच दोन दिवस कुठे गेलो तर ती सांगावी लागेल, याची मला भीती होती.

मागच्या फाल्गुनात रेवाने विचारणं बंद केलं आणि सरळ खोल्याच घेतल्या. फिलूची मुलगी तिला वडाळ्याला आपल्याकडे नेणार होती. इथला जिना फिलूला झेपेनासा झाला होता. "फिलूआजी जायच्या आधी तुम्हाला नाशिक दाखवते," रेवा म्हणाली. "शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी परत. कारणं नकोत." ही मुलगी लोअर परळला, जिथे आमच्या ओळखीतली निम्मी माणसं गिरणीत साचे चालवायची, तिथे काचेच्या इमारतीत विसाव्या मजल्यावर बसते. तिला कारणं चालत नाहीत.

कसारा घाटात फिलूने काच खाली केली. फाल्गुनातला डोंगर, गवत वाळून सिंहाच्या पाठीसारखं झालेलं. "हवा बघ गो, धुतलेली," ती म्हणाली, आणि पर्समधून चिकूची फोड काढून मला दिली. तिची पर्स म्हणजे स्वयंपाकघर. तिला गाडीत मध्येच गाणं म्हणायची सवय, चर्चमधलं अर्धं, लग्नातलं अर्धं. मी खिडकीला डोकं टेकून ऐकत होते, आणि मनात वाक्यं जुळवत होते. फिलू, मला तुला काही सांगायचंय. नको, हे फार नाटकी झालं. फिलू, तुला ती बरणी आठवते का? नको.

वायनरी गावाबाहेर, धरणाच्या पाण्याच्या कडेला. वेलींच्या रांगा इतक्या सरळ की त्या चौतीस वर्षांच्या सुमननेही कौतुक केलं असतं. एका मोठ्या टबात तरुण मुलंमुली द्राक्षं तुडवत होती आणि एकमेकांचे फोटो काढत होती. फिलू टबापाशी जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "पाय धुतले काय गो ह्यांनी?" तिने मोठ्याने विचारलं. टबातली एक मुलगी लाजून बाहेर आली. "आमची आय बघती ना, तर ह्या टबात ह्यांनाच बुडवती."

मग एक हसरी मुलगी आम्हाला आत घेऊन गेली. उंच स्टीलच्या टाक्या, गारवा, ओल्या फरशीचा वास. आणि त्या वासाखाली तो. आंबूस, गोड, पावाच्या पिठासारखा. माझे पाय तिथेच थांबले. चाळीस वर्षांनी एखादा वास असा नाकाला चिकटतो, की आपण कुठे उभ्या आहोत ते कळत नाही. मी फिलूच्या जुन्या स्वयंपाकघरात होते. हातात डाव होता.

ती मुलगी सांगत होती, "रस आंबताना त्यातून वायू निघतो. तो बाहेर जायला वाट ठेवावीच लागते. कोंडला तर टाकीसुद्धा फुटेल."

"आमची फुटलेली," फिलू म्हणाली. "आयची बरणी. शेवटची वाइन तिच्या हातची. पण ती वायूने नाय, भावाने. पिऊन आलेला, उघडायला गेला नि पाडली."

"अरेरे," मुलगी म्हणाली. "पण आजी, कधी कधी झाकण घट्ट बसलं तरी फुटते हं घरातली बरणी."

"आमच्यात झाकण घट्ट कोण लावील? खुळ्यांचं घर वाटलं काय?" फिलू हसली. मुलगीही हसली. रेवाही हसली.

पुढे एका टेबलाशी बसवून आम्हाला पाच ग्लासांत पाच घोट दिले. आयुष्यात पहिल्यांदा, पंचाहत्तराव्या वर्षी, मी मोरीत न ओतता तोंडात घेतला. जीभ आक्रसली, मग घशात काहीतरी ऊबदार उतरलं. "कशी लागती?" फिलूने विचारलं. "तुझ्यासारखी," मी म्हटलं, "आधी चावते." तिला इतका आनंद झाला की तिने माझ्या गालाला हात लावला. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो हात गालावरून जाऊ नये, असं वाटलं. माणूस फार हावरट असतो.

काय झालं होतं ते आता लिहून टाकते.

त्या वर्षी फिलूच्या आयने द्राक्षं कुस्करली आणि आठवड्याच्या आत तिच्या छातीत दुखायला लागलं. परळच्या इस्पितळात ठेवलं. फिलू तिथेच राहायची. घरी तिचा धाकटा भाऊ डॉमनिक, शिवडीला गोदीत कामाला. सव्वीस वर्षांचा, देखणा, थोडा पिणारा, आणि हसला की अख्खी गॅलरी हसायची असा. त्याच्या पाळ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून फिलूने घराची दुसरी किल्ली मला दिली. "रोज एकदा ढवळ गो. आय इस्पितळात पण विचारती, बरणी बरी हाय ना."

मी ढवळायची. नाकाला पदर लावून, पण ढवळायची. दहाव्या-अकराव्या दिवशी बरणी भरात आली. फडक्यावर चिलटांचा ढग, आणि वास थेट भिंतीतून आमच्याकडे. आणि शुक्रवारी आमच्याकडे चैत्राचं हळदीकुंकू. सासूबाईंच्या माहेरच्या बायका येणार, यांच्या साहेबांची बायको येणार, गौर मांडलेली, आंब्याची डाळ वाटायला घेतलेली, आणि सगळ्यावर तो वास. सासूबाई म्हणाल्या, "दारूच्या गुत्त्यात हळदीकुंकू केलंन म्हणतील सुनेनं."

मला बरणीचं एकच शास्त्र ठाऊक. लोणच्याचं. लोणच्याच्या बरणीला हवा लागली की बुरशी, म्हणून झाकण घट्ट, वर फडक्याचा दादरा, दादऱ्यावर सुतळी. गुरुवारी संध्याकाळी मी फिलूकडे गेले, झाकण दाबून बसवलं, कडेने कणीक लिंपली, सुतळीने आवळून बांधलं, आणि त्यावर आमचा वरवंटा ठेवला. वास बंद. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे कबूल करते. शुक्रवारी पन्हं, डाळ, मोगऱ्याचे गजरे, साहेबांची बायको दोनदा डाळ मागून घेऊन गेली. मी तरंगत होते. त्या तरंगण्यात झाकण सोडायचं राहिलं.

शनिवारी सकाळी डॉमनिक पाळीवरून आला, आंघोळ करून इस्पितळात गेला. जाताना सगळ्यांना दिसला. दुपारी भिंतीपलीकडे धप्प आवाज झाला. वरच्या मजल्यावर खाट सरकवतायत, असं म्हणून मी कूस बदलली.

रविवारी सकाळी कुलूप उघडलं. झाकण उडालं होतं, वरवंटा उडून बरणीवरच आदळला होता, आणि बरणीची भाकरीएवढाली शकलं झाली होती. फरशीभर जांभळं. त्यात सालं, गहू, चिलटं. मी काय केलं असेल? रडले? पुसलं? तेव्हाची मी ती. मी वरवंटा उचलला, सुतळी उचलली, कणकेचं कडं खरवडून काढलं, आणि फिलूकडच्या माझ्या येण्याची एकही खूण न ठेवता कुलूप लावून आले. विचार एवढाच, की आधी सुचू दे, मग सांगू. दुपारी बातमी आली. फिलूची आय गेली होती.

शव घरी आणलं तेव्हा दार उघडलं गेलं, आणि फिलूने ती फरशी पाहिली. शवपेटी ठेवायच्या आधी आम्ही बायकांनी फरशी पुसली. मीही पुसली. पुसता पुसता तिने मला विचारलं, "तू बघितलंस काय गो?" मी म्हटलं, "मी दोन दिवस आलेच नाही फिलू. हळदीकुंकू होतं ना."

मग ती डॉमनिककडे वळली. तो म्हणाला, नाही. पुन्हा म्हणाला, नाही. शेवटी त्याने पेटीत आयच्या हातावर आपला हात ठेवला आणि शपथ घेतली. "आयची शपथ, मी नाय हात लावला."

वाइनचं फिलूने सोडून दिलं असतं. ती शपथ तिने सोडली नाही. मेलेल्या आयच्या हातावर हात ठेवून खोटं बोलणारा भाऊ तिला नको होता. महिन्याभरात तो शिवडीला खोली करून राहायला गेला. सुरुवातीची काही वर्षं नाताळात गॅलरीत येऊन उभा राहायचा, हातात केकचा खोका. फिलू दार ओढून घ्यायची. मग तो माझ्या दारात खोका ठेवायचा. "सुमनताई, हिला द्या." आणि मी द्यायची. काय सुरेख पोस्टमन होते मी. तेरा वर्षांपूर्वी तो गेला, एकटाच. फिलू शिवडीच्या सिमेट्रीत मातीला गेली आणि कोरड्या डोळ्यांनी परत आली.

तो वरवंटा माझ्याकडे अजून आहे. मिक्सर आला तरी टाकला नाही. दगडाच्या छिद्रांत तो जांभळा रंग बसला तो बसलाच. मी त्यावर वर्षानुवर्षं खोबऱ्याची चटणी वाटली. सगळे म्हणायचे, सुमनच्या हाताला चव आहे.

रविवारी सकाळी मिसळ खाऊन रेवा आम्हाला गंगेवर घेऊन गेली. नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. वाटेत भांडीबाजार. पितळी घंगाळी, तांब्याचे हंडे, आणि एका दुकानाच्या पायरीवर चिनी मातीच्या बरण्या, वर तपकिरी, खाली पांढऱ्या. मी एक घेतली, मोठी. माझा डाव असा, की बरणी तिच्या हातात द्यायची म्हणजे बोलणं आपोआप निघेल. भित्र्या माणसांना नेहमी वस्तू लागतात.

घाटाच्या दगडी पायऱ्यांवर आम्ही बसलो. रेवा फोटो काढत लांब गेली होती. पाणी कमी, हिरवट, त्यात फुलं आणि द्रोण. समोर कुंडापाशी मुंडण केलेली तीन माणसं, त्यांतलं एक अगदी कोवळं. गुरुजी भराभर मंत्र म्हणत होते. मडक्यातली राख पाण्यात गेली, क्षणभर ढगासारखी राहिली, आणि मग नुसतं पाणी.

"हे असं पाण्यात सोडतात," फिलू म्हणाली, "मग भेटायला कुठे जातात गो तुमची माणसं?"

"कुठेच नाही."

"ते बरं." मग बरणीवर टिचकी मारून म्हणाली, "आणि ही बरणी कशाला? जाताना मना प्रेझेंट?"

मी सांगितलं. रात्रभर जुळवलेली सगळी वाक्यं नाहीशी झाली होती. मी नुसतं म्हटलं, "फिलू, आयची बरणी डॉमनिकने नाही फोडली. मी झाकण घट्ट बांधलं होतं. वासामुळे. हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग ती एकेक विचारत गेली, अगदी शांतपणे, बाजारात भाजी विचारावी तशी.

"कशाने बांधलंस?"

"सुतळीने."

"नुसत्या सुतळीने नाय उडायचं."

"कणीक लिंपली होती. वर वरवंटा ठेवला होता."

"किती दिवस?"

"गुरुवारपासून."

"मग वरवंटा कुठे होता? मना नाय दिसला."

"मी उचलून नेला. आधीच."

तिने पाण्याकडे पाहिलं. समोरचं ते कोवळं पोर भिजल्या अंगाने कुडकुडत होतं, कुणीतरी त्याच्यावर पंचा टाकला.

"म्हणजे शपथ खरी घेतलेली त्याने," ती म्हणाली.

"हो."

"आयच्या हातावर हात ठेवून. नि मी त्याच्या थोबाडीत मारली. आयच्या देखत."

"हो."

"तू उभी होतीस ना गो तिथे? पुसत होतीस."

"हो फिलू."

मी वाट पाहत होते. शिव्या देईल, मारेल, रडेल. किंवा, लाज वाटते लिहायला, पण मनाच्या कोपऱ्यात असंही होतं, की ती हसेल आणि म्हणेल, जाऊ दे गो, म्हाताऱ्या झालो आपण. चाळीस वर्षं मी तिला तेवढी ओळखत होते असं मला वाटायचं.

ती हाताचा आधार घेत उठली. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. "मना कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "ज्याला सांगायचं तो शिवडीला हाय. त्याला सांग."

परतीच्या वाटेवर फिलू पुढे बसली, रेवाच्या शेजारी. घाटात काच बंद होती. रेवाने दोनदा आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग गाणी लावली, मग बंद केली. बरणी माझ्या मांडीवर होती. दर खड्ड्याला तिचं झाकण खडखड वाजायचं आणि मी ते हाताने दाबून धरायची. मग ध्यानात यायचं की मी काय करते आहे, आणि हात काढून घ्यायची.

चैत्रात फिलू वडाळ्याला गेली. सामान उतरवताना मी गॅलरीत उभी होते. "येते," म्हणाली, कुणालाही म्हणावं तसं. शेजारच्या दाराला आता कुलूप आहे. भिंतीतून काहीच येत नाही, बोंबील नाही, गाणं नाही, चर्चमधलं अर्धंसुद्धा नाही. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की मी सवयीने पोळपाट भिंतीपासून थोडा दूर ओढते, आणि मग तसाच परत सरकवते.

वर्षभर मी शिवडीला गेले नाही. कारणं परत रांगेत उभी राहिली होती. पाऊस, खोकला, गुडघा. मग माघ संपला आणि गाडीवाला आला. "नाशिक, नाशिक." गेल्या मंगळवारी मी टॅक्सी केली आणि सिमेट्रीत गेले. फाटकाशी दोन मेणबत्त्या आणि झेंडूची माळ घेतली. ख्रिस्ती माणसाला झेंडू चालतो का, ते मला माहीत नव्हतं. जिला विचारायचं ती वडाळ्याला.

आत एक रखवालदार झाडत होता. त्याला नाव सांगितलं, साल सांगितलं. त्याने झाडू भिंतीला टेकवला.

"तेरा वर्षं? आजी, ती जागा कधीच दुसऱ्याला गेली. इथे मातीत दोनतीन वर्षंच. मग हाडं काढतात नि घरच्यांनी भिंतीत कोनाडा घेतला असला तर त्यात ठेवतात. घेतला होता काय?"

मी भिंतीकडे पाहिलं. लहान लहान चौकोन, नावं, फोटो, सुकलेली फुलं. फिलूच्या आयचा कोनाडा मला माहीत होता. शेजारचा कोनाडा दुसऱ्याच कुणाचा होता. फिलूने भावासाठी घेतला नव्हता. का नव्हता घेतला, ते जगात दोघींनाच ठाऊक.

"नाही," मी म्हटलं.

"मग ते तिकडे." त्याने हात केला. कोपऱ्यात झाडाखाली सिमेंटचा एक चौथरा, वर लोखंडी झाकण. "ज्यांचं कुणी विचारायला नाय आलं, त्यांची सगळ्यांची हाडं एकत्र."

मी तिथे जाऊन उभी राहिले. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या. शिवडीच्या खाडीकडून खारट, चिखलाचा वास येत होता, आणि पलीकडे ट्रकचे हॉर्न. मी मोठ्याने म्हटलं, "डॉमनिक, सुमनताई आले आहे. बरणी मी फोडली. तू खरं बोललास." मग वाटलं, आत शंभर माणसं असतील, सगळ्यांना ऐकू गेलं. तर बाकीच्यांना उद्देशून म्हटलं, "तुम्हाला उगाच त्रास." रखवालदार झाडायचं थांबला होता. पुन्हा झाडायला लागला.

घरी येऊन फिलूला फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदा.

"जाऊन आले," मी म्हटलं. "त्याला सांगितलं."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला.

"कुठे सांगितलंस?"

"तिथे. झाडाखाली. सगळे आहेत तिथे."

ती रडत नव्हती, मला तिचं रडणं ओळखता येतं. नुसता श्वास येत होता.

"मी कोनाडा नाय घेतला," ती म्हणाली. "शेजारचा मोकळा होता तेव्हा. फादरनी विचारलं पण. मी नाय म्हटलं."

तिने फोन ठेवला. मागाहून केला नाही. मीही केला नाही.

काल काळी द्राक्षं आली. मी रस्ता ओलांडून गाडीवाल्याकडे गेले आणि पाच किलो घेतली. त्याने विचारलं, "आजी, एवढी?" नाशिकची ती बरणी कपाटावरून रेवाने काढून दिली. आज सकाळपासून मी परातीत द्राक्षं कुस्करते आहे. हात कोपरापर्यंत जांभळे. साखर, गहू, खमीर. वर नुसतं फडकं, झाकण अलगद टेकवलेलं. ही कुणासाठी, ते मला ठाऊक नाही. फिलू पिणार नाही. डॉमनिकला पोचणार नाही. मी एकवीस दिवस ढवळणार आहे, कारण ते काम मला दिलं होतं आणि मी अर्धवट सोडलं होतं.

आठवड्याभरात वास सुटेल. गॅलरीच्या टोकाला आलेल्या नव्या भाडेकरूंची सून नीटनेटकी आहे, ओठ मिटून हसते. ती विचारेल, "आजी, हा वास कुठून येतोय हो?" मी सांगणार आहे, "माझ्या घरातून. दारूचा आहे." बरं दिसत नाही, मला माहीत आहे.

दार मात्र वाऱ्याने सारखं बंद होतं. म्हणून मी मघाशी वरवंटा आणून दाराशी टेकवून ठेवला.